कायदाच नाही, मग करिअर कसलं?

गोंदिया जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी नागपूरला पाच वर्षांच्या लॉच्या चौथ्या वर्षाला. तिने न्यायाधीश व्हावं म्हणून त्यांनी पुण्यातल्या क्लासची फी भरून टाकली. ती मात्र सुट्टीत भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका इथले शरणार्थी आणि कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेल्या लोकांच्या हक्कांचे कायदे तक्त्यात मांडत बसते. "ज्याचा आपल्याकडे कायदाच नाही, त्यात करिअर कसलं? तुम्हीच तिला समजवा."

तुमच्या पत्रात क्लासचं नाव आहे, बॅचची तारीख आहे, साडूंच्या मुलाचा निकालसुद्धा आहे. मुलीचं म्हणणं काय, हे एका ओळीतही नाही. फी भरल्याचं तिला नंतर कळलं, हे तुम्हीच लिहिलंय. उद्या कोर्टात दुसऱ्यांची बाजू मांडणार असलेल्या मुलीला घरात स्वतःची बाजू मांडता आली नाही, याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही? शेवटी ताजा कलम घालावा तसं लिहिलंय, "अशा विषयामुळे स्थळं येणार नाहीत." खरी काळजी ही असेल, तर तसं सरळ बोला. न्यायाधीशाच्या खुर्चीआड ती लपवू नका.

न्यायाधीशाच्या परीक्षेचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. मग आत्ता घाई कसली?

आता 'कायदाच नाही' याबद्दल. 1951 च्या शरणार्थी करारावर भारताची सही नाही आणि शरणार्थींसाठी वेगळा कायदाही नाही, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण कायदा नाही म्हणजे नियम नाहीत असं नव्हे. ते दहा ठिकाणी विखुरलेत. तुमच्याच जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, तिबेटी लोकांची वसाहत आहे. अशा एखाद्या घरात आईवडील तिबेटमधून आलेले, थोरला मुलगा इथे 1985 चा आणि धाकटा 1990 चा असेल, तर थोरला जन्मानेच भारतीय नागरिक ठरतो, धाकटा नाही. कारण 1 जुलै 1987 पासून आई किंवा वडील भारतीय असणं बंधनकारक झालं, आणि डिसेंबर 2004 पासून अट आणखी कडक झाली. थोरल्यासारख्या तिबेटींचा हक्क 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मान्य केला, तोही एका तिबेटी तरुणीला पासपोर्ट नाकारल्यावर. 1996 मध्ये अरुणाचलमधल्या चकमा शरणार्थींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. 2025 च्या नव्या परदेशी नागरिकविषयक कायद्यात शरणार्थी असा वर्गच नाही, पण त्याखालच्या सूट-आदेशात श्रीलंकेच्या नोंदणीकृत तमिळांचा उल्लेख आहे. शेजारीही पाहा. श्रीलंकेने मळ्यांतल्या भारतीय वंशाच्या तमिळांना 2003 मध्ये कायदा करून नागरिकत्व दिलं, तर बांगलादेशात छावण्यांतल्या उर्दूभाषकांना ते 2008 मध्ये कोर्टाच्या निकालाने मिळालं. ही गुंतवळ कुणीतरी सोडवून मांडल्याशिवाय अशा माणसाचा वकील अर्जात लिहिणार काय?

पैशाचं मात्र खरं सांगते. या कामात सुरुवातीला पगार तुटपुंजा असतो. संशोधन संस्था आणि मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संघटना मोजक्याच, आणि संयुक्त राष्ट्रांच्या शरणार्थी संस्थेत जागा थोड्या, अर्ज ढिगाने. म्हणून मुलीलाही एक सांगणं आहे. नुसता तक्ता भरून कुणी वकील होत नाही. पदवीनंतर तीन वर्षं नागपूर खंडपीठात एखाद्या सीनियरकडे काढ. नागरिकत्व आणि पासपोर्टच्या याचिका वाच, ड्राफ्ट कर. पुढे न्यायाधीशाची परीक्षा द्यावीशी वाटली, तर तेव्हा हीच वर्षं धरली जातील. प्रत्येक रकान्यात कलमाबरोबर ते प्रत्यक्षात कोणतं कार्यालय राबवतं, कोणता कागद मागतं, हेही लिही. अर्जुनी मोरगाव तुला घरापासून जवळ आहे, तिथून सुरुवात कर.

आणि तुम्ही, तो तक्ता तिच्या शेजारी बसून एकदा बघा. क्लासवाल्यांना मात्र याच आठवड्यात फोन करा, बॅच सुरू झाली की फी परत मिळणं अवघड जाईल.