वाचकांचे प्रश्न : डाव संपायची वाट पाहू नका

प्रश्न : मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम करतो. माझी पाळी सकाळी सातची असल्यामुळे साडेपाचला उठावे लागते. चार महिन्यांपूर्वी मित्राच्या सांगण्यावरून मोबाइलवर ‘बालात्रो’ हा पत्त्यांचा गेम विकत घेतला. जेवणानंतर ‘एकच डाव’ म्हणून बसतो आणि मान वर करतो तेव्हा दीड वाजलेला असतो. पैसे लावून मी आयुष्यात कधी पत्ते खेळलेलो नाही. मग या खेळात असे काय आहे की हात थांबत नाही? दोनदा काढून टाकला आणि दोन्ही वेळा आठवड्याच्या आत परत घेतला.
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : दीड वाजलेले ते घड्याळ मीही पाहिलेले आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न मला परका वाटत नाही. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. ‘लोकलथंक’ या टोपणनावाने वावरणाऱ्या एका कॅनेडियन माणसाने तो तयार केला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बाजारात आला. त्याच वर्षी सप्टेंबरात तो मोबाइलवरही आला. हातात आठ पाने येतात. त्यांतून जोडी, तीन एक्के, एकाच रंगाची पाच पाने अशी पोकरची जुळणी करून गुण मिळवायचे असतात. तीन फेऱ्यांचा एक टप्पा, आणि टप्प्याच्या शेवटच्या फेरीत खेळच एक अवघड प्रतिस्पर्धी उभा करतो. पहिल्या फेरीला ३०० गुण पुरतात, पण पुढे आकडा चढत जातो आणि आठव्या टप्प्यातल्या शेवटच्या प्रतिस्पर्ध्याला बहुधा १,००,००० लागतात. साध्या पानांनी हे जमणे शक्यच नाही. त्यासाठी दोन फेऱ्यांच्या मध्ये एक दुकान लागते आणि तिथे जोकर विकत मिळतात. असे १५० जोकर आहेत आणि प्रत्येकाची करामत वेगळी आहे. एका फेरीत कमी पडलात की सगळे जोकर, सगळी कमाई जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अशा खेळांना ‘रोगलाइक’ म्हणतात, ते १९८० मधल्या ‘रोग’ (Rogue) नावाच्या संगणक-खेळावरून. त्यातही एकदा मेलात की जुना डाव परत मिळत नसे.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. असे खेळ का सुटत नाहीत, याचे एक ठरावीक उत्तर दिले जाते आणि ते खोटे नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की दाणा दर वेळी न मिळता केव्हा मिळेल याचा नेम नसेल, तर प्राणी कळ दाबण्याचे लवकर सोडत नाही. बालात्रोचे दुकान नेमके याच तत्त्वावर चालते. तिथे दोन पाने मांडलेली असतात, पाच डॉलर दिले की ती बदलून मिळतात आणि दर बदलाला एक डॉलर जास्त पडतो. हे डॉलर अर्थातच खेळातले आहेत, पण हवा तो जोकर पुढच्याच वेळी येईल ही आशा अगदी खरी असते.

मात्र तेवढेच कारण असते, तर तुम्ही एव्हाना कंटाळला असता. जुगाराच्या यंत्रापुढे बसलेल्या माणसाला शिकण्यासारखे काही नसते, इथे मात्र असते. एक छोटा हिशेब पाहा. दश्शीची जोडी लावली. जोडीचे मूळ गुण १० आणि दोन पानांचे २०, असे ३० झाले. जोडीचा गुणक, म्हणजे या गुणांना ज्याने गुणायचे तो आकडा, २. तुमच्याकडे दोन जोकर आहेत. एक गुणकात ४ मिळवतो, दुसरा गुणक तिप्पट करतो. खेळ जोकर डावीकडून उजवीकडे मोजतो. तिप्पट करणारा आधी ठेवला, तर २ चे ६ आणि त्यात ४ म्हणजे १०. गुण झाले ३००. तेच दोन जोकर बोटाने सरकवून उलटे ठेवले, तर २ अधिक ४ म्हणजे ६, त्याची तिप्पट १८, आणि गुण ५४०. पान तेच, नशीब तेच, फक्त जागा बदलली. ज्या रात्री हे स्वतःच्या डोक्याने उमगते, त्या रात्री माणूस झोपत नाही. त्यावर कडी म्हणजे, हव्या त्या आकड्याच्या पलीकडे गुण गेले की आकड्यांना ज्वाळा लागतात. मला तो क्षण फार आवडतो, हे मोकळेपणाने सांगतो. (तिप्पट करणाऱ्या त्या जोकरवर कॅव्हेंडिश जातीचे केळे आहे, आणि ते दुकानात येते ते ग्रो मिशेल नावाचे दुसरे केळे नष्ट झाल्यावरच. बागांमध्येही तसेच घडले होते. पनामा रोगाने ग्रो मिशेल व्यापारातून गेले आणि त्याची जागा कॅव्हेंडिशने घेतली. आपल्या जळगावची ग्रँड नैन केळी याच कॅव्हेंडिश कुळातली आहेत. इतक्या बारकाईने केलेला खेळ धरून ठेवणारच.)

हरण्याची गोष्टही तशीच आहे. माझा एक डाव सगळा बदामाच्या पानांवर उभा होता आणि सहाव्या टप्प्यावर बदामाच्या पानांचे गुणच न धरणारा प्रतिस्पर्धी समोर आला. ४०,००० हवे होते आणि ३८,००० च्या आसपास माझ्या पाने टाकायच्या संधी संपल्या. त्या क्षणी मनात ‘नशीब फुटके’ असे आले नाही. ‘हा येणार हे टप्प्याच्या सुरुवातीलाच दाखवले होते, चौथ्या दुकानात मी तो दुसरा जोकर घ्यायला हवा होता’ असे आले. चूक आपली वाटते आणि ती दुरुस्त करता येईल असेही वाटते. दुरुस्त करायची जागा एकच, ती म्हणजे पुढचा डाव, आणि तो एका बटणाच्या अंतरावर असतो. बक्षिसाच्या आशेपेक्षा हरल्यानंतरचा हा शहाणपणा तुम्हाला जास्त जागवतो, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट जाणवते. जुन्या नाशकात, पंचवटीतल्या वाड्यांत गणपतीच्या दिवसांत मेंढीकोटाचे डाव रात्र रात्र रंगत, पण त्यांना चार माणसे लागत. एकाला पहाटे दूध आणायला जायचे असे, दुसऱ्याचे डोळे मिटू लागत, आतून कोणी तरी ‘पुरे आता’ म्हणे आणि कॅट आवरला जाई. तुमच्या डावात समोर कोणीच नाही. जांभई देणारा भिडू नाही, पाने पिसण्यात जाणारा वेळही नाही.

म्हणून माझा सल्ला तुम्हाला उलटा वाटेल. ‘हा डाव संपला की ठेवतो’ असे ठरवू नका. डाव संपतो ती उठण्यासाठी सर्वांत वाईट जागा आहे, कारण हरला असाल तर चूक सुधारायची असते आणि जिंकला असाल तर अधिक अवघड पातळी खुली झालेली असते. उठायचे ते डावाच्या मधे, एखादी फेरी जिंकून दुकानात आल्यावर. तिथे कोणतीही टांगती तलवार नसते, आणि खेळ तुमचा डाव जसाच्या तसा जपून ठेवतो. उद्या उघडलात तर तेच दुकान, तेच जोकर. अर्धवट सोडल्याची चुटपुट लागेल, पण पहिल्या दोन-तीन रात्रींनंतर ती बोथट होते, आणि दिवसभर ‘पुढे काय घ्यावे’ याचा विचार करण्यातही एक मजा आहे. साडेदहाचा गजर फोनवर नको, दुसऱ्या खोलीतल्या घड्याळावर लावा, म्हणजे तो बंद करायला उठावे लागेल. उठलात की फोन त्याच खोलीत चार्जिंगला लावा. गेम काढून टाकण्याचा उपाय तुम्ही दोनदा करून पाहिला आहे. तो तिसऱ्यांदा करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. कॉलेज रोडच्या क्लासवरून आला की हाच गेम खेळतो. त्यात पोकर, चिप्स असे शब्द ऐकले आणि काळजात धस्स झाले. हा जुगार आहे का? फोन काढून घ्यावा का?
— एक आई, पंचवटी

उत्तर : ताई, पोशाख जुगाराचा आहे, पण हा जुगार नाही. खेळ एकदा विकत घेतला की आत पुन्हा एक रुपयाही लागत नाही, आणि जिंकलेल्या चिप्सचे पैसे होत नाहीत. युरोपात वयाचे शिक्के देणाऱ्या संस्थेचाही आधी असाच समज झाला होता. तिने यावर १८ वर्षांचा शिक्का मारला होता आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो बदलून १२ केला. आपल्याकडे २०२५ मध्ये आलेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घालतो. तो मुद्दा इथे येत नाही.

काळजीचे कारण केव्हा समजावे, याची कसोटी जागतिक आरोग्य संघटनेने दिली आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या तिच्या आजारांच्या वर्गीकरणात खेळाच्या विकाराची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ ठरणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, असे साधारण १२ महिने दिसावे लागते. रोज संध्याकाळी तासभर खेळणे यात बसत नाही. अभ्यास, झोप, जेवण आणि मित्र सुटू लागले आहेत असे वाटले, तर मात्र टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

फोन हिसकावू नका. एका संध्याकाळी त्याच्या शेजारी बसा आणि हा जोकर डावीकडेच का ठेवलास, असे विचारा. तो उत्साहाने सांगेल आणि त्याच्या डोक्यात काय चालले आहे ते तुम्हाला कळेल. वेळ ठरवायची ती तुम्ही दोघांनी मिळून ठरवा, आणि वरच्या पत्रातले दुकानात उठण्याचे सूत्र त्यालाही वाचून दाखवा. त्याच्या फोनवर पैसे लावायची रमी किंवा तीन पत्ती दिसली, तर ती निराळी गोष्ट आहे. तेव्हा थांबू नका, त्याच दिवशी बोला.