काच की ॲक्रिलिक?

प्रश्न : आजोबांचा जुना कृष्णधवल फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला आहे. रंकाळ्याचे एक जलरंगातले चित्रही (१८ × २४ इंच) फ्रेम करायचे आहे. काच कोणती घ्यावी?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : आधी फोटो. ओढू नका, पाण्यातही घालू नका. फोटोच्या जिलेटिनच्या थराने आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात ओल धरली आणि तो काचेला डकला. ओढलात तर चेहराच काचेवर राहील. आहे तसाच काचेसकट स्कॅन करा, मग जुन्या फोटोंच्या जतनाचे काम करणाऱ्याकडे द्या.

चिकटण्याचे कारण काचेचा प्रकार नव्हे, मधली जागा नसणे हे आहे. चित्रालाही तेच लागू. २ ते ४ मिमी जाडीचा, आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) काच आणि चित्राच्या मध्ये हवाच.

साधी २ मिमी काच या मापाला सुमारे १.४ किलो भरते, तेवढ्याच जाडीचे ॲक्रिलिक (काचेसारखे पारदर्शक प्लास्टिक) त्याच्या निम्म्याहून कमी. जलरंग उन्हाने उडतात, म्हणून अतिनील किरण अडवणारे ॲक्रिलिक घ्या. तरीही खिडकीसमोर टांगू नका, दिसणारा प्रकाशही रंग फिका करतोच. ॲक्रिलिकवर चरे पटकन पडतात. अमोनियाचा काचक्लीनर नको, मऊ ओलसर कापड पुरे. कोळशाच्या किंवा पेस्टलच्या चित्राला मात्र काचच, कारण ॲक्रिलिकची स्थिर वीज भुकटी ओढून घेते.

‘नॉन-ग्लेअर’ खरखरीत काच माउंटवर चित्र धूसर दाखवते. आम्ही तरी ती घेणार नाही. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना रबरी बटणे लावा, भिंतीची ओल दूर राहील.