आयबीएस, सुया आणि चिनी वनौषधींची पुडी

प्रश्न : माझे वय ४४ वर्षे आहे. गेली नऊ वर्षे मला आयबीएसचा (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे आतड्यांच्या कामात बिघाड होऊन वारंवार होणारा पोटाचा त्रास) त्रास आहे. बद्धकोष्ठ असते आणि चार घास खाल्ले तरी पोट दगडासारखे जड होते. तपासण्यांत काही निघत नाही. सिंगापूरला राहणारी माझी नणंद तिथल्या चिनी वैद्यांकडून वनौषधींची पुडी आणणार आहे, आणि अ‍ॅक्युपंक्चर करून घ्या, असाही तिचा आग्रह आहे. याला संशोधनाचा आधार आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आधार आहे, मात्र तुमच्या सर्व तक्रारींना सारखा नाही. अ‍ॅक्युपंक्चरचा सर्वांत भक्कम पुरावा तीव्र, जुनाट बद्धकोष्ठाबाबत आहे. चीनमधील १५ रुग्णालयांत १,०७५ रुग्णांवर झालेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात एका गटाला सुयांमधून सौम्य विद्युतप्रवाह देण्यात आला, तर दुसऱ्या गटाला नेमके बिंदू सोडून भलत्याच जागी, अगदी वरवर सुया टोचून, प्रवाह न देता उपचाराचा केवळ देखावा करण्यात आला. आठ आठवड्यांत २८ बैठका झाल्या. त्या काळात आठवड्याला सरासरी तीन किंवा अधिक वेळा आपोआप पोट साफ होणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३१.३ टक्के आणि दुसऱ्यात १२.१ टक्के होते. उपचार थांबल्यावरही पुढचे बारा आठवडे फरक टिकला. तरीही सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना तो टप्पा गाठता आला नाही, हे बैठकांचे पैसे भरण्यापूर्वी ध्यानात ठेवावे.

जेवणानंतरच्या जडपणासाठीही २०२० मधील २७८ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष अनुकूल आहे. आयबीएसचे चित्र मात्र वेगळे आहे. २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचा एकत्रित अभ्यास) खऱ्या आणि खोट्या सुयांच्या परिणामात फरक आढळला नाही. बोस्टनमधील २००८ च्या अभ्यासात तर सुयांचा उपचार मिळालेल्या सर्वांना खोट्याच सुया होत्या, ज्यांचे बोथट टोक त्वचेला टेकताच सुई स्वतःच्या मुठीत सरकते. उपचाराविना नुसत्या प्रतीक्षायादीत ठेवलेल्या २८ टक्के रुग्णांना पुरेसा आराम वाटला, खोट्या सुया मिळालेल्यांपैकी ४४ टक्क्यांना, आणि खोट्या सुयांसोबत ज्यांच्याशी उपचारकाने आस्थेने, सविस्तर बोलणे केले त्यांच्यापैकी ६२ टक्क्यांना. तुमचा त्रास मनाचा खेळ आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही; आतडे आणि मेंदू यांचे नाते किती घट्ट आहे, ते यातून दिसते.

पुडीबद्दल मी अधिक सावध आहे. ऑस्ट्रेलियात ११६ आयबीएस रुग्णांवर झालेल्या १९९८ च्या चाचणीत चिनी वनौषधींचा गुण आला खरा, पण उपचार संपल्यानंतर १४ आठवड्यांनी तो टिकला केवळ त्यांच्यात, ज्यांना वैद्याने तपासून स्वतंत्र योग (औषधी मिश्रण) दिला होता. तुम्हाला न पाहता दिलेल्या पुडीला हा पुरावा लागू होत नाही. अशा अनेक योगांत ज्येष्ठमध असतो, तो दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. १९९० च्या दशकात ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया ही मूत्रपिंडांना घातक वनस्पती मिसळली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. म्हणून घटकांची पूर्ण यादी आल्याशिवाय, आणि ती तुमच्या डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय, पुडी उघडू नका. सुया घ्यायच्या असतील तर प्रशिक्षित उपचारकाकडून, प्रत्येक वेळी नव्या निर्जंतुक सुयांनीच घ्या. शौचातून रक्त, नकळत घटणारे वजन किंवा रात्री झोपेतून उठवणारा जुलाब यांपैकी काही दिसले, तर आधी पोटविकारतज्ज्ञांकडे जा.