खानापूरकडच्या रानात हरणांसाठी सफरचंद लावावं का?

सफरचंद नको, भेकर-सांबरासाठी आवळा, बेहडा आणि जांभूळ लावा. सफरचंदाच्या नेहमीच्या जातींना हिवाळ्यात ७ अंशांखालचे ८००-१००० तास लागतात, ते आपल्याकडे मिळत नाहीत. ‘अण्णा’सारखी कमी थंडीची जात धरली तरी घाटाकडच्या पावसात मुळं कुजायची भीती. आवळा-बेहडा थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गळतो, जांभूळ मे-जूनमध्ये. गवत वाळलेलं असताना खाली काहीतरी पडत राहतं. आवळा एकटा लावू नका, फळ धरायला दोन वेगळ्या जाती जवळ हव्यात. पहिल्या पावसानंतर दोन फुटी खड्डा, शेणखत, २५ फुटांचं अंतर. पाणी तुंबतं तिथे नको. खरी गोम जाळीत आहे: कोवळे शेंडे हरणंच खुडतात, नर शिंगं घासून साल सोलतात. म्हणून प्रत्येक रोपाला ५-६ फूट उंच तारेची जाळी, खोडापासून दोन फूट लांब, खोड मनगटाएवढं होईपर्यंत. भोवतीचं गवत दिवाळीनंतर काढा, नाहीतर वणव्यात रोप जातं. भात-ऊस लागून असेल तर मात्र लावूच नका. फळं खायला आलेलं जनावर पिकातही उतरतं.