वाचकांचे प्रश्न : शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला मारलं, त्याचा इतिहास कसा लिहायचा?

प्रश्न : मी सोलापुरात इतिहासात एम.ए. करते आहे. आजोळ तुळजापूर तालुक्यातलं. वेगवेगळ्या धर्मांची, भाषांची माणसं एकत्र राहणाऱ्या गावांत राष्ट्रवाद आणि सामूहिक हिंसा यांचं नातं काय, यावर पीएच.डी. करायची इच्छा आहे. सुरुवात कुठून करू? यात पोट भरतं का?
— एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : सुरुवात लिपीपासून करा. सोलापूर ते तुळजापूर अंतर साधारण ४५ किलोमीटर, पण १९४८ पर्यंत तेवढ्यात राज्य बदलायचं आणि दफ्तराची भाषाही. सोलापूर मुंबई इलाख्यात, त्यामुळे गावपातळीचे कागद मराठीत, त्यातले जुने मोडीत आणि वरचा पत्रव्यवहार इंग्रजीत. तुळजापूर निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, तिथलं दफ्तर उर्दू. यातली एकच बाजू वाचता आली तर प्रबंधही एकाच बाजूचा होतो, मग मनात कितीही निष्पक्षपणा असो. छापील उर्दू सहा महिने नेटाने केली तर वाचता येते. कारकुनी हातातल्या शिकस्त लिपीला मात्र वर्ष-दीड वर्ष धरा, कारण लिहिणारा नुक्ते गाळतो आणि अक्षरं एकमेकांत ओढतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दही सलग लिहिलेले असतात. नावं चुकतात ती इथेच.

दुसरी अडचण तारखांची. हैदराबाद संस्थानचे कागद फसली सनात, म्हणजे तिथल्या सरकारी कालगणनेत, असतात आणि ते वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजुर महिन्यापासून, सुरू होतं. इसवी सन काढायला ‘फसलीत ५९० मिळवा’ हे सूत्र आजुर ते डिसेंबरअखेरपुरतं बरोबर आहे. जानेवारीपासून पुढे ५९१ मिळवायचे. आबान या शेवटच्या महिन्यातल्या, १३५७ सालच्या तक्रारीत ५९० मिळवले तर ती सप्टेंबर १९४७ची होते. ती असते सप्टेंबर १९४८ची, म्हणजे पोलिस ॲक्शनच्या (हैदराबाद संस्थानावरच्या भारतीय लष्करी कारवाईच्या) ऐन दिवसांतली. एका आकड्याच्या चुकीने कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते.

आता विषयाचा आवाका. ‘मराठवाड्यातील जातीय हिंसा’ असा विषय घेऊ नका, तो कुणालाच पुरा पडणार नाही. एक तालुका, आठ-दहा गावं, जानेवारी १९४७ ते डिसेंबर १९४८. प्रत्येक गावाचा दिवसवार तक्ता करा : त्या दिवशी काय घडलं, कुणी सांगितलं, सांगणारा तिथे होता का. आणि त्या आठ-दहांत दोन गावं अशी घ्याच, जिथे काहीच घडलं नाही. ही अट आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे. फक्त जळलेली गावं पाहिली तर आग अटळ होती असं वाटू लागतं.

कॅनडातल्या मॉन्ट्रिऑलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातले इतिहासकार मॅक्स बर्गहोल्झ यांचं काम याच वाटेने गेलं आहे. २००६ मध्ये सारायेवोच्या पुराभिलेखागाराच्या तळघरात त्यांना नोंद न झालेले निळे फोल्डर सापडले. त्यातून ते वायव्य बोस्नियातल्या उना नदीकाठच्या कुलेन वाकुफ या गावापर्यंत पोचले. सप्टेंबर १९४१ मध्ये तिथे दोन दिवसांत जवळपास २,००० माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान, आणि मारणारे आसपासच्या गावांतले बंडखोर. त्याआधीच्या उन्हाळ्यात उस्ताशा या क्रोएशियन फॅसिस्ट राजवटीच्या लोकांनी त्या भागातल्या सर्बांना मारलं होतं. बर्गहोल्झ यांचा निष्कर्ष असा : जुनं वैर होतं म्हणून कत्तल झाली हा क्रम उलटा आहे. कत्तलीमुळे ‘आपण’ आणि ‘ते’ ही विभागणी घट्ट झाली. बंडखोरांमध्येही हात आवरा म्हणणारी माणसं होती, काही ठिकाणी त्यांचं चाललं, काही ठिकाणी नाही. तुमच्या गावांतही अशा माणसांची नावं शोधा : पाटील, पटवारी, मशिदीचा मुजावर, कुणीही.

पोटाचं स्पष्ट सांगतो. प्राध्यापकाच्या जागा कमी निघतात. नेट किंवा सेट लवकर उरका. जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, वर नियमाप्रमाणे घरभाडं. वयाची अट ३० वर्षांची, महिलांना पाच वर्षांची सवलत. पीएच.डी.ला नियमाने किमान तीन आणि साधारण सहा वर्षं मिळतात. लिपी शिकण्यात त्यातली दोन जाऊ द्यायची नसतील तर एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातच वर्ग लावा.

प्रश्न : पोलिस ॲक्शननंतर किती लोक मेले? कुणी काही हजार सांगतं, कुणी दोन लाख. इतिहासकार आकडा ठरवतात तरी कसा?
— एक निवृत्त शिक्षक, बार्शी

उत्तर : सरकारी पातळीवरचा ठळक आकडा पंडित सुंदरलाल समितीचा. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ही समिती संस्थानात फिरली. तिने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे म्हटले. अहवाल अनेक दशकं दडून राहिला, त्यामुळे अफवेला मोकळं रान मिळालं. आधीच्या महिन्यांतले रझाकारांचे अत्याचार, उदाहरणार्थ मे १९४८ मधलं बीदर जिल्ह्यातलं गोरटा, हेही त्याच इतिहासाचा भाग आहेत. एकाचा आकडा दुसऱ्यातून वजा करायचा नसतो.

समितीचा आकडा हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. मोजणी गावातूनच होते. एका माणसाला एक कार्ड : नाव, बापाचं नाव, वय, धंदा, मृत्यूची जागा, दिवस, आणि प्रत्येक गोष्ट कुठून कळली ते. एकमेकांवर न बेतलेल्या दोन पुराव्यांत नाव आलं तरच ‘पक्कं’ म्हणा, एकातच आलं तर वेगळ्या पेटीत ठेवा. तलाठ्याकडच्या गाव नमुना ६ मधल्या फेरफार नोंदी आणि ६-क मधल्या वारस नोंदी फार कामाच्या. एकाच गावात एकाच सुमारास आठ-दहा वारस नोंदी पडल्या असतील तर तिथे थांबून चौकशी करा. मात्र नोंद अनेकदा मृत्यूनंतर चार-पाच वर्षांनी पडते, आणि भूमिहीन मजूर, विणकर, बायका त्यात जवळजवळ दिसतच नाहीत. १९४१ आणि १९५१च्या जनगणनांची वजाबाकी करून मृत काढणारे तर हमखास फसतात. त्या दहा वर्षांत किती तरी कुटुंबं हैदराबादला गेली, सोलापुरात आली, पाकिस्तानात गेली. गावातून नाहीसा झालेला प्रत्येक माणूस मेलेला नसतो.

आकडा खाली आला म्हणजे अपराध हलका होतो, ही समजूतही काढून टाकावी लागते. पोलंडमधल्या येडवाब्नेचं पाहा. १० जुलै १९४१ रोजी तिथल्या ज्यूंना कोठारात कोंडून जाळलं. जुन्या स्मारकशिळेवर मृत १,६०० आणि दोष जर्मनांचा होता. पोलंडच्या राष्ट्रीय स्मृती संस्थेच्या तपासात मृत किमान ३४० निघाले, आणि जर्मनांच्या चिथावणीने प्रत्यक्ष कृत्य करणारे स्थानिक पोलिश शेजारी होते हेही निघालं. आकडा कमी झाला आणि जबाबदारी घराजवळ आली.

प्रश्न : आमच्या गल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी सगळं चालतं. म्हाताऱ्यांना हे विचारून जुन्या जखमा उकरायच्या कशाला? आणि विचारायचंच तर कसं?
— एक यंत्रमाग कामगार, पूर्व भाग

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि मुलाखतीला निघणाऱ्या प्रत्येकाने ती मनात ठेवावी. पण म्हातारी माणसं गप्प राहिली म्हणून घरात गोष्ट सांगितली जात नाही असं नाही. ती सांगितली जाते, फक्त आपल्याच लोकांत, आणि दर पिढीला थोडी फुगते.

पहिल्या भेटीत हिंसेबद्दल अवाक्षर काढू नका. घर कुठे होतं, शेत कोण कसायचं, जत्रेत आणि ताबुतांत कोण काय करायचं, बाजार कुठला, हे विचारा. त्यातून जुन्या गावाचा नकाशा काढा, पेन्सिल त्यांच्याच हातात द्या. तारीख विचारू नका, ‘रब्बी ज्वारीच्या पेरणीआधी की नंतर?’ असं विचारा. शब्द तुमचा घालू नका. त्या दिवसांना कुणी ‘पोलिस ॲक्शन’ म्हणतं, कुणी ‘रझाकारी’, कुणी ‘मुक्तिसंग्राम’, कुणी ‘सुकूत-ए-हैदराबाद’ (हैदराबादचा पाडाव). समोरच्याने वापरलेला शब्दच वहीत उतरवा, तोही पुरावा आहे. ‘त्यांनी मारलं’ असं वाक्य आलं की हळूच विचारा, ‘ते म्हणजे कोण, गावचे की बाहेरचे?’ उत्तर न देता माणूस उठला तर रेकॉर्डर बंद करा, पुन्हा विचारू नका.

१९४८ साली दहा वर्षांचं असलेलं माणूस आज नव्वदीच्या घरात आहे. तेव्हा त्याने स्वतः पाहिलेलं आणि नंतर आईकडून ऐकलेलं, हे वहीत दोन रंगांच्या शाईने लिहा. आरोपीची नावं छापू नका. नातवंडं त्याच गावात राहतात.

सोलापूरकरांनी आणखी एक प्रश्न या अभ्यासाला जोडावा अशी आमची फार इच्छा आहे. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर हे शहर उठलं, मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. ही चार नावं पुतळ्यांखाली वाचून आपण पुढे जातो. गर्दी चिडलेली होती, पोलिस मारले गेले, तरीही गल्ल्या एकमेकांवर तुटून पडल्या नाहीत. का? गिरण्यांतल्या खात्यांची रचना, युनियन, तालमी, पेठांतली पंचमंडळी यांचा त्यात काय वाटा होता? याचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात गृह विभागाच्या फायलींत शोधावे लागतील.

प्रश्न : पोलिस ठाण्यातली जुनी फाईल मागितली तर देतात का?
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : माहितीच्या अधिकारात मागा. २० वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती कलम ८(३) खाली, थोडे अपवाद सोडून, द्यावी लागते. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘सगळी कागदपत्रं’ असं लिहिलं तर ‘माहिती विस्तृत आहे’ म्हणून अर्ज परत येतो. ठाण्याचं नाव, वर्ष, महिना आणि रजिस्टरचा प्रकार लिहा. रजिस्टर नष्ट केलं असं उत्तर आलं तर दुसरा अर्ज नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीसाठी करा. यादीत ते रजिस्टर नसेल तर पहिलं अपील ३० दिवसांच्या आत टाका.