घरच्या अख्ख्या मसूरला ढाब्यासारखी तर्री का येत नाही? कुकरला शिट्ट्या किती द्यायच्या?

दोन. मसूर दोन तास भिजवलेला असेल तर मध्यम जाळावर दोन, न भिजवता टाकलात तर तीन. शिट्टी झाल्या झाल्या उचकून वाफ काढायची नाही. दाब एकदम उतरला की दाण्याच्या आतलं पाणी उसळतं आणि साल फाडून गर बाहेर येतो. गॅस बंद करा, दहा-बारा मिनिटं कुकरकडं बघू नका.

पण लिहायला बसलो ते शिट्ट्यांसाठी नाही. तुमच्या प्रश्नाच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरी चटणी चार चमचे घातली, वरून दोन चमचे तेल ओतलं, तरी भाजी नुसती तिखट झाली, तर्री आली नाही, मग ढाबेवाले रंग घालतात का. हेच वाक्य माझे साडू गेली कित्येक वर्षं प्रत्येक जेवणाला ऐकवतात. 'पाहुणे, तर्री म्हणजे वरून ओतलेलं तेल आणि चिमूटभर रंग. वाटण पाव तास परतत बसायचं हा तुमच्या कोल्हापूरचा नुसता तोरा आहे.' ते आमच्याकडं आले असताना एकदा शेवटी दोन शेगड्या पेटवून दोन पातेली चढवली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दोन पातेल्यांतच आहे.

दोन्हीकडं सामान एकच, मोजून घेतलेलं. मसूर प्रत्येकी 200 ग्रॅम, शिजवलेला एकाच कुकरमधून अर्धा-अर्धा वाटलेला, म्हणजे शिजण्याचं निमित्त कुणाला नको. तेल प्रत्येकी 80 मिली. बारीक चिरलेला एक कांदा फोडणीला. वाटणात दोन मध्यम कांदे उभे चिरून भाजलेले, सुकं खोबरं 40 ग्रॅम, लसूण 12 पाकळ्या, इंचभर आलं, एक चमचा तीळ, मूठभर कोथमीर देठासकट, एक टोमॅटो. कांदा-लसूण चटणी दोन सपाट चमचे आणि नुसत्या ब्याडगी मिरचीची पूड एक चमचा.

वाटणाबद्दल दोन गोष्टी, कारण निम्मी तर्री मिक्सरच्या भांड्यातच बिघडते. खोबरं आणि तीळ आधी कोरडे फिरवा, मग कांदा, आलं-लसूण, टोमॅटो. पाणी घालायचंच असेल तर दोन चमचे. अर्धा पेला पाणी ओतून गंधासारखं वाटण केलंत तर ते पाणी पुढं पातेल्यातच आटवावं लागतं, गॅसही जातो आणि धीरही. दुसरं, कांदा कच्चा वाटू नका. कच्चा कांदा मिक्सरमध्ये ठेचला गेला की कडवट होतो आणि तो कडवटपणा कितीही परता, मागं उरतोच. खोबरं बदामी होईपर्यंत भाजायचं. काळं झालं तर टाकून द्या, नवीन घ्या.

साडूंनी त्यांच्या पातेल्यात वाटण चार मिनिटं परतलं. कडेनं बुडबुडे आले, 'सुटलं तेल' म्हणाले, चटणी टाकली, मसूर ओतला, जाळ मोठा केला. माझ्या पातेल्यात तेच वाटण सतरा मिनिटं होतं. पहिली सहा-सात मिनिटं ते खदखदतं, मोठे बुडबुडे फुटतात, अंगावर उडतं. ही नुसती वाफ असते. पाणी आहे तोवर वाटणाची आच शंभर अंशांच्या वर जातच नाही, म्हणजे ते परतलं जात नसतं, उकडलं जात असतं. तुम्हाला जे 'तेल सुटलं' असं वाटतं ते बहुतेक वेळा हेच, पाण्याबरोबर कडेला उसळणारं तेल. त्यानंतर आवाज बदलतो. खदखद थांबून बारीक चरचर सुरू होते, वाटण बुडाला धरायला लागतं, इथं जाळ बारीक करून उलथनं खरवडत राहायचं. मग चरचरही मंदावते, वाटण कडा सोडून गोळा व्हायला लागतं, रंग विटकरी होतो आणि गोळा बाजूला सारला की मागं तेलाचं डबकं उरतं. ते डबकं दिसेपर्यंत चटणीच्या डब्याला हात लावायचा नाही. ओलं वाटण वजनाला साडेतीनशे ग्रॅम होतं, परतून दोनशेच्या आसपास उरलं. जे गेलं ते सगळं पाणी. शिवाय खोबऱ्याचं स्वतःचं तेल तोवर बाहेर आलेलं असतं.

आता चटणी. आमच्याकडं चटणी म्हणजे ताटातली नव्हे, उन्हाळ्यात डंकावर कुटून वर्षभर पुरवायची ती. रंगाला ब्याडगी, वासाला आणि झणक्याला संकेश्वरी जवारी, कुणाला मस्तकात जायला हवं असेल तर थोडी लवंगी. तिच्यात भाजलेला कांदा, लसूण, खोबरं, धणे, खडा मसाला आणि मीठ आधीच असतं, म्हणून नुसत्या मिरचीपुडीपेक्षा ती लवकर जळते. धुरावलेल्या तेलात टाकलीत की पाच सेकंदांत तपकिरी, दहा सेकंदांत काळी, आणि घरभर ठसका. गॅस अगदी बारीक करा, चटणी आणि ब्याडगी त्या तेलाच्या डबक्यात घाला, लगेच दोन चमचे गरम पाणी शिंपडा, अर्धा मिनिट हलवा. मिरचीचा लाल रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. त्याला विरघळायला मोकळं तेल समोर हवं. वाटण ओलं असेल तर तेल त्या लगद्यात अडकून बसलेलं असतं, रंग तिथंच राहतो आणि वर येत नाही. मग वाटतं चटणी कमी पडली, आणखी दोन चमचे जातात. तुमचे चार चमचे असेच गेलेत. तिखट तर चटणीबरोबर वाढणारच. तर्री मात्र तिनं वाढत नाही.

दोन्ही पातेल्यांत मसूर त्याच्या शिजलेल्या पाण्यासकट गेला, वरून गरम पाणी. गार पाणी कधीच नको. साडूंच्या पातेल्यावर त्यांच्या पद्धतीप्रमाणं शेवटी एक पळी तेल जास्तीचं ओतलं. पहिल्या मिनिटाला त्यांचं पातेलं माझ्यापेक्षा लाल दिसत होतं, हे कबूल. त्यांनी फोटोही काढला. मग पळीनं ढवळलं, पाच मिनिटं उकळलं, आणि ते वरचं तेल रश्श्यात मिसळून गेलं. रंग विटेचा, वास कच्च्या लसणाचा. दहा मिनिटं दोन्ही पातेली न हलवता ठेवली आणि वरचं तेल चमच्यानं वाटीत काढलं. माझ्याकडं तीन चमच्यांच्या वर लालभडक तेल निघालं. त्यांच्याकडं, एक पळी जास्त असूनही, जेमतेम एक चमचा, तेही गढूळ. 'तुमची चटणी जुनी आहे' असं ते म्हणाले. चटणी एकाच बरणीतली होती.

तुमची भाजी आत्ता अशीच फसलेली असेल तर झाकण काढून अगदी बारीक जाळावर वीस मिनिटं न ढवळता ठेवा, थोडं तेल वर येईल. कच्चा वास मात्र जाणार नाही. तो घालवायची जागा मागं गेली.

एक मुद्दा साडूंचा बरोबर होता, आणि तो मी त्या दिवसापासून पाळतो. मी मसूर ओतल्यावर मोठ्या जाळावर रटरटू द्यायचो आणि सारखं ढवळायचो. ते म्हणाले, हात काढ. खळखळ उकळीत तेल बारीक थेंबांत फुटतं, आणि पळीनं दाणे मोडले की त्यातलं पीठ रश्श्यात उतरून त्या थेंबांना धरून ठेवतं. एक उकळी आली की जाळ बारीक, कडेला नुसती हलकी हालचाल दिसेल एवढाच, दहा ते बारा मिनिटं. म्हणूनच शिट्ट्या महत्त्वाच्या. जास्त शिजलेल्या मसूरला तर्री येत नाही, मग वाटण कितीही छान परतलेलं असो. दाणा दोन बोटांत दाबला की चपटा व्हावा, पण साल अंगावर राहावी. तरीही शिट्ट्यांवर माझा फारसा विश्वास नाही. तीन लिटरच्या आणि पाच लिटरच्या कुकरची शिट्टी सारखी नसते. उघड्या पातेल्यात भिजवलेला मसूर पंचवीस-तीस मिनिटांत शिजतो आणि दाणा डोळ्यांपुढं राहतो. 200 ग्रॅमला 600 मिली पाणी, अर्धा चमचा मीठ, एक चमचा तेल. तेलानं फेस बसतो, कुकरची शिट्टीही तुंबत नाही. मिठानं डाळ शिजत नाही हा समज सोडा. शिजू देत नाही ती आंबट वस्तू. अर्धवट शिजलेला मसूर टोमॅटोच्या मसाल्यात 'शिजेल तिथं' म्हणून ढकललात तर तो तासभर कडकडीतच राहील. बोअरच्या जड पाण्यातही तेच होतं, तेव्हा पिण्याचं पाणी वापरा. सोडा घालू नका, साल विरघळते आणि चव साबणाची येते.

रात्रभर भिजवायलाही मी सांगणार नाही. मसूर लहान दाणा आहे, हरभरा नव्हे. आठ तासांत साल सैल होते आणि उकळीत सुटून तरंगते. मग तुम्हाला अख्खा मसूर नाही, मसूरची आमटी मिळते.

रंगाबद्दल. कुणी घालत असेलही, मी ढाब्यांची जामीनकी घेतलेली नाही. पण इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर)-पेठ नाक्याकडच्या ज्या ढाब्यांनी हा पदार्थ गाजवला (होय, तो मूळचा आमच्या जिल्ह्याचा नाही, शेजारच्या सांगलीचा, आम्ही नुसता हक्क सांगतो), तिथं मसाला मोठ्या कढईत तासभर जाळावर असतो. तुमच्या चार मिनिटांशी त्याची बरोबरी लावू नका. तुमच्या चटणीचाच संशय असेल तर पेलाभर पाण्यावर चिमूटभर भुरभुरवा, ढवळू नका. खाली लगेच रंगाच्या रेघा उतरल्या तर त्यात वरचा रंग आहे. मिरचीचा स्वतःचा रंग असा पाण्यात धावत नाही.

कुठल्या कंपनीची चटणी घ्यावी हे विचारलंत, ते मी सांगणार नाही. नाव सांगून उपयोग नाही, कारण पाकिटातलं मिरची-मिठाचं प्रमाण कंपनीगणिक वेगळं. कोल्हापूरला कुणी येणार असेल तर त्यांच्याकडून लक्ष्मीपुरीतून ब्याडगी आणि जवारी मागवा आणि एक किलो मिरचीला अर्धा किलो कांदा, पाव किलो लसूण, पाव किलो खोबरं, पाव किलो धणे या हिशोबानं घरी करा. कांदा तळून कुरकुरीत झाला पाहिजे. ओलसर राहिला तर महिन्याभरात बुरशी. आणि हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' नावाची जी भाजी मिळते तिच्यावरून आमच्या तिखटाचा अंदाज बांधू नका. ती आमच्या कुठल्याच घरात होत नाही.

मीठ शेवटी चाखून घाला, चटणीत आधीच आहे. तेल 80 मिली चार माणसांना जास्त वाटेल, आणि आहेच. डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलेल्यांनी 40 मिलीत करावं. वाटण तेवढ्यातही परततं, फक्त वेळ जास्त लागतो आणि बुडाला धरतं, म्हणून मधूनमधून चमचाभर गरम पाणी शिंपडावं. तर्री पातळ येईल पण येईल. हे सगळे वेळ जाड बुडाच्या पातेल्याचे आणि साध्या गॅसचे आहेत. इंडक्शनवर शेगडी लहान असेल तर वाटण मधोमध करपतं आणि कडेला ओलं राहतं, तिथं मिनिटं मोजण्यापेक्षा आवाज ऐका.

उरलेला मसूर दुसऱ्या दिवशी घट्ट गोळा झालेला असतो आणि तेल गायब दिसतं. अर्धी वाटी कडकडीत पाणी कडेनं सोडा, बारीक जाळ, झाकण नको, पळी नको. दहा मिनिटांत तर्री परत वर येते. तोवर भाकऱ्या थापून घ्या.