जपानीतली ‘आई’ आणि आपली आई

जपानी शिकायला लागलं की पहिल्या महिन्यातच ओळखीचे शब्द कानावर पडतात. ‘आई’ म्हणजे प्रेम, ‘नाना’ म्हणजे सात, ‘माता’ म्हणजे पुन्हा. गंमत वाटते, वाटू दे. असे शब्द चटकन लक्षात राहतात. पण त्यांचा उच्चार मराठी करू नकोस, एवढं माझं ऐक.

‘काकी’चंच बघ. आपण ‘की’ सहज लांबवतो, जपानीत ती आखूड. शिवाय तोक्योच्या बोलीत ‘का’ चढ्या सुरात असेल तर ते कालव, ‘की’ चढी असेल तर पर्सिमन नावाचं केशरी फळ. मी कित्येक महिने शब्द देवनागरीत लिहून पाठ केले आणि लांबी, चढउतार दोन्ही घालवून बसलो. नंतर सगळं नव्याने घोटावं लागलं. तू पहिल्या दिवसापासून हिरागानात, म्हणजे जपानीच्या मूळ अक्षरलिपीत, लिही. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. हा फरक तिथे लगेच डोळ्यांना दिसतो. चढउतार मात्र ऐकूनच येतो, मोठ्याने म्हणत जा.

आणि नातं जोडायची घाई नको. ‘नामाए’ म्हणजे नाव, पण आपल्या ‘नामा’शी त्याचं साम्य निव्वळ योगायोगाचं. उलट ‘सेत्सुना’ अगदी परका वाटतो, तो मात्र आपला ‘क्षण’, बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे तिकडे पोचलेला! नवरा या अर्थाचा ‘दान्ना’ही ‘दान’वरूनच आलाय: आधी दाता, मग धनी, मग नवरा. असा शब्द भेटला की व्युत्पत्ती कोशात बघून घे, कानावर सोडू नकोस.